पहिल्या सुईचा मान

"मले तुह्या सुईवर भरोसा नाही, प्रीतम!"

शामलाच्या तोंडून हे शब्द गेले आणि पाटवडीच्या रश्श्यात बुडवलेला घास प्रीतमच्या हातात तसाच राहिला... ज्या भावाला तिने आई होऊन वाढवलं, तो भाऊ तिच्याकडे असा पाहत होता, जणू समोर कुणी परकी बाईच बसली आहे!

"काय बोलून राहिली बाई तू?"

"खरं तेच बोलून राहिली. उंदरावर करून झालं, डुकरावर करून झालं, आता माह्यावर करतो? मी काय तुह्या पिंजऱ्यातलं जनावर आहो का?"

स्वयंपाकघराच्या दारात प्रीतमची बायको भावना भाकरी घेऊन उभी होती. तिचे ओठ हलले, पण शामलाने एक नजर अशी टाकली की बिचारी जागीच थिजली. प्रीतमने अर्ध्या ताटातच हात धुतला. उठला, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. जशी आपली इच्छा."

आपली! जन्मात ज्याने 'तू' सोडून दुसरं काही म्हटलं नाही, तो बहिणीला 'आपली' म्हणून निघून गेला. शामलाने ते उष्टं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ती कितीतरी वेळ नळ सोडून उभी राहिली.

आता ही शामला कोण, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या प्लांटवर काम करणाऱ्या रुपरावांची ही थोरली लेक. आई लवकर गेली, बापाची ड्युटी कधी दिवसा तर कधी रात्री, आणि धाकटा प्रीतम हिच्या कडेवर. वेळेवर लग्न झालं, पण सासरी ती उभ्या उभ्या कोसळायला लागली. सासरची माणसं म्हणाली, हिला फिट येते! मग काय विचारता... कुणी नाकाला कांदा लावतंय, कुणी चपलेचा वास देतंय! शेवटी 'तुमचा माल तुम्हाला' म्हणून त्यांनी तिला कोराडीच्या क्वार्टरमध्ये आणून सोडलं.

आणि एका दुपारी ती घरात अशीच पडली, तेव्हा शाळेतून आलेल्या प्रीतमने चप्पल नाही शोधली. त्याने बहिणीच्या छातीला कान लावला आणि तो किंचाळला, "बाबा! बाईचं मधातच बंद पडते, अन् मंग सुरू होते!" रुपराव आधी त्याच्यावर खेकसले, मग घाबरले, मग लेकीला घेऊन धावले. डॉक्टर म्हणाले, पोरगा बरोबर बोलतोय. हृदयाला ठोक्याचा निरोपच नीट पोहोचत नाही. खांद्याच्या हाडाखाली पेसमेकर बसला, त्याची तार हृदयात उतरली, आणि शामला पुन्हा माणसात आली. घरात त्या यंत्राचं नाव पडलं डबडं! 'बाई, डबडं ठीक आहे ना?' हीच त्या घरची ख्यालीखुशाली.

"मी मोठा झालो का तुले बिनाडबड्याचं करीन," प्रीतम म्हणायचा. लहान पोट्ट्यांच्या बाता काय कमी असतात! पण हा पोट्टा वेगळ्याच हाडाचा निघाला. शामलाने जरीपटक्याच्या बाजारपेठेतल्या साड्यांना फॉल लावत त्याला शिकवला, आणि तो डॉक्टर झाला, डॉक्टरचा संशोधक झाला. माणसाच्याच रक्तातून मूळ पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना आपलं आपण धडधडायला शिकवायचं, आणि बारीक सुईने हृदयात पेरायच्या, म्हणजे हृदय स्वतःचा ठोका स्वतःच धरेल! बरीच वर्षं या एका ध्यासात गेली आणि अखेर माणसांवर चाचणी करायची परवानगी आली. इकडे शामलाच्या तारा जुन्या होऊन खराब झाल्या होत्या, त्या काढणं जिवावरचं होतं. तो म्हणाला होता, "बाई, पहिली सुई तुले!" आणि तो मान मिळाल्याने शामला अशी फुलली की आता ते राहत होते त्या इंदोऱ्यातल्या गल्लीत एक घर सोडलं नाही, सगळीकडे सांगून आली.

मग एका सकाळी कणीक मळता मळता भावना रडायला लागली.

"काय झालं वं?"

"बाई, ते तुम्हाले सांगणार नाहीत... पण चाचणीत घरचं माणूस घेतलं तं डॉक्टरले त्या कामातून बाहेर व्हा लागते. नियमच आहे तसा. हे राजीनामा द्यायले निघाले. म्हणतात, बाईपेक्षा मोठं काय आहे?"

"अन् काम?"

"दुसऱ्या कोणाले ते हाताचं काम जमत नाही. बंद पडलंच समजा."

शामला ओट्याला टेकून उभी राहिली. समजावून तो ऐकणार नव्हता. त्याचा हट्ट तिनेच तर लाडाने वाढवला होता! त्याचं मन तोडल्याशिवाय त्याचं काम वाचणार नाही, हे तिला लख्ख दिसलं. "भावना, माही आण आहे तुले," ती म्हणाली, "यातला एक शब्द त्याले सांगशील तं!" आणि त्या रात्री पाटवडीच्या ताटावर तिने ते विषारी वाक्य उच्चारलं.

राजीनामा टळला. पण पहिल्या सुईसाठी माणूस काही मिळेना! कोण होणार पुढे? यंत्र तपासायला गेलेल्या शामलाला दवाखान्याच्या बाकावर गोपिका भेटली. कळमेश्वरची, तरुण, पदरात लहान लेक, छातीत यंत्र बसवलेलं. हातात चाचणीचे चुरगळलेले कागद.

"मावशी, म्हणतात पहिलीच मी राहीन. भेव लागते हो."

"कायचं भेव?" शामला ताठ झाली. "सुई देणारा माह्या मांडीवर वाढला. माहं पोट्टं आहे ते! लोक चप्पल शोधत होते तवा त्यानं छातीले कान लावला. हे पाह्य छातीतलं माहं डबडं... त्याच्यापायीच मी आज तुह्याशी बोलून राहिली. डोये मिटून सुई घे!"

"मंग तुम्ही काहून नाही घेत?"

खोटं बोलायचं तेवढं शामलाचं घरी बोलून झालं होतं. "मी घेतली तं त्याले बाहेर व्हा लागते, बाई. मंग तुले कोण देईन?"

गोपिकेने कागद सरळ केले आणि ती आत गेली.

पुढे शामलाच्या जुन्या तारा काढून नव्या बसवायचं ऑपरेशन झालं. मरणाच्या दारातून ती परत आली. प्रीतम आला, पण खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. "आता कसं वाटतंय? वेदना आहेत का?" अरेरे! ते शुद्ध, धुतलेलं बोलणं... रोग्याशी बोलावं तसं! छाती चिरली तेव्हा जेवढं दुखलं नव्हतं तेवढं शामलाला त्या बोलण्याने दुखलं. पण ती हसून म्हणाली, "ठीक आहे, डॉक्टरसाहेब." भावना तोंडात पदर घालून बाहेर गेली.

उन्हाळा सरत आला होता. शामला दारातल्या ओट्यावर साडीला फॉल लावत बसली होती. गाडी थांबली. भर दुपारी, अंगात दवाखान्याचा कोट तसाच, प्रीतम समोर उभा!

"बाई..."

सुई तिच्या हातात थांबली.

"आज गोपिकेचं यंत्र हळू केलं. पार हळू. आम्ही सगळे श्वास धरून पडद्याकडे पाहून राहिलो होतो. बाई, तिचं हृदय थांबलं नाही! आपल्याच जोरावर चाललं!"

"माय वं!" शामलाने दोन्ही हात जोडले. तिचा प्रीतम जिंकला होता!

"मी तिले म्हटलं, पहिलीच होती तू, भीती नाही वाटली? तं म्हणते, ज्या मावशीनं तुमचं काम वाचवाले आपली सुई मले देली, तिच्या पोट्ट्याचं भेव कायचं? कोणती मावशी, म्हटलं. तं म्हणते, तिच्या बी छातीत डबडं आहे. डबडं, बाई! आपलं घर सोडून कोण म्हणते त्याले डबडं?"

शामलाने मान खाली घातली. आत भावना मोकळेपणाने रडत होती.

"काहून खोटं बोलली तू? मरून गेली असती तं... मी तुले जन्मभर काय समजत राह्यलो असतो?"

"समजला असता काहीबी," शामला म्हणाली, आणि तिचे ओले डोळे तेजाने भरून आले. "मले सुई नव्हती पाहिजे गा राजा. मले सुई देणारा पाह्याचा होता. आता गल्लीत सांगाले जाईन मी, पहिली सुई कोणाच्या भावानं देली ते!"

तो मोठा डॉक्टर तिथेच ओट्यावर गुडघे टेकून बसला. तिच्या मांडीवरची फॉलची साडी बाजूला सारली, आणि लहानपणी लावला होता तसाच त्याने बहिणीच्या छातीला कान लावला. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले, पण दोघांनाही त्याचं भान नव्हतं. शामला त्याच्या पिकू लागलेल्या केसांतून हात फिरवत राहिली.

"चालून राहिलं का गा?"

"चालून राहिलं, बाई... जोरात चालून राहिलं!"

"मंग ऊठ. भावना, रस्सा ठेव वं. त्या दिवशी याचं ताट अर्धंच राह्यलं होतं."