यारीखालची ओ

माझा भागोजीमामा कधी खोटं बोलला नाही. म्हणून सांगतो, हे घडलेलं आहे.

साल एकोणीसशे एकतीस. दिघीच्या खाडीवर दगडी धक्का बांधत होते. जड दगड उचलणारी यारी मामा हातानं फिरवायचा. धक्क्याखालचं त्याला दिसत नसे. सगळं काम हाकेवर. मुकादम शिवदास ‘हबेस’ ओरडला की दगड वर, ‘आऱ्या’ ओरडला की खाली.

खाली दगड बसवायला हरेश्वर. त्याला सगळे हऱ्या म्हणत.

एका भर दुपारी हाक आली, “आऱ्या!”

मामानं दगड तोलून धरणारी यारीची खीळ काढली.

दगडाखाली हऱ्या होता...

“मी हऱ्या म्हटलं, बाजूला हो म्हणून!” शिवदास सगळ्यांसमोर बोलला. “ह्या बहिऱ्यानं आऱ्या ऐकलं!”

लोकांना पटलं. हऱ्याची बायको केसर दारात येऊन म्हणाली, “भागोजी, तुजं कान बसतील.”

आपण ऐकलं काय, हेच मामाला उमगेना.

तेराव्यानंतर काम सुरू झालं. दगड वर चढला. शिवदास ओरडला, “आऱ्या!”

दगडाखालून आवाज आला...

“ओ...”

नाव घेतल्यावर माणूस देतो, तशी.

खाली कोणीच नव्हतं.

“कोन रं मस्करी करतंय?” शिवदास खेकसला.

कोणी हसलं नाही.

“आऱ्या!”

“ओ...”

आता जवळून.

गडी मागे सरले. दगड वर टांगलेलाच होता. भरती चढत होती. शिवदास चिडला. “थांबा, कानफटात देतो त्याच्या!” म्हणत स्वतःच खाली उतरला.

मामानं खीळ घट्ट ठोकली. दोन्ही हात वर धरले. “माजं हात बगा रं सगल्यांनी!”

खाली शिवदासचे पाय चिखलात रुतले. निघेनात.

“हऱ्या, पाय सोड... सोड रं! व्हय, मी आऱ्याच म्हटलं व्हतं! तू खाली हाईस ते बगितलंच न्हाय! पानी चडत व्हतं, घाई व्हती...”

सगळ्यांनी ऐकलं. मामाच्या छातीवरचा धोंडा उतरला.

तो यारी बाजूला वळवणार, तेवढ्यात हाक आली. शिवदासच्याच आवाजात. पण काठावरचे सांगत, त्याचं तोंड मिटलेलं होतं.

“आऱ्या!”

खीळ आपोआप उडाली...

केसरनं शाप मात्र परत घेतला नाही. ओरडणारा गेला, पण दगड सोडणारा उरला होता.

म्हातारपणी मामा ठार बहिरा झाला. तरी भरती चढली की दचकून विचारायचा, “मला कोन बोलावतंय?” आणि ओ द्यायला तोंड उघडायचा. अशा हाकेला ओ दिली की माणूस जातो, म्हणून आम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवायचो.

एका भरतीला माझा हात पोचायला उशीर झाला.