आशागडच्या वाडीतल्या तीन शिट्ट्या

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. यातलं काहीही रचलेलं नाही. फक्त माझं आडनाव देत नाही. का, ते वाचल्यावर कळेल.

१२ डिसेंबर २०२३. मंगळवार. अमावास्या.

डहाणूजवळ आशागडला आमची चिकूची वाडी आहे. वडील गेल्यावर वाडीही माझ्याकडे आली आणि शेती संरक्षणाचा बंदुकीचा परवानाही. घरात वडिलांची जुनी दुनळी बंदूक होती. पण मला ती नको होती.

मला रात्री उदमांजर मारायचं होतं.

लोकांना सांगताना मी म्हणायचो, चिकू खातात. खरं सांगतो, ते निमित्त होतं. दोन-चार पाट्या चिकूंनी आमचं काही बिघडत नव्हतं. उदमांजर मारणं गुन्हा आहे, हेही मला माहीत होतं. मला तो थरार हवा होता. आणि न फाटलेलं एक कातडं.

दोन महिने मी मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो. छर्‍याची बंदूक घ्यावी, तर तिच्यात जोर नाही. दुनळीने कातड्याची चाळण होते, आणि आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. शेवटी मी पॉइंट टू-टू रायफल घेतली. हलकी, बारीक गोळीची. आवाज सुकी फांदी मोडल्यासारखा.

देवजीकाकांना ती आवडली नाही.

देवजीकाका आमच्या वाडीवर तीस वर्षं राखणीला होते. कासा गावाच्या अलीकडे, आमच्यापासून पंधरा किलोमीटरवर त्यांचा पाडा. जनावराचा माग काढावा तर त्यांनीच. त्यांनी रायफल हातात घेतली, नळीच्या तोंडाला करंगळी लावून बघितली आणि मला परत दिली.

"भाऊ, दुनळी आण. नाहीतर राहू दे."

"का?"

"एवढ्याशा गोळीनं जनावर जागेवर पडत नाय. जखमी होऊन पळतं. मग त्याला शोधायला लागतं."

"नाही सापडलं तर सोडून द्यायचं, काका."



"जखमी सोडून नाय देत," काका एवढंच म्हणाले.

तरी ते आले. मी बोलावलं म्हणून आले.

रात्री दहाला आम्ही वाडीत शिरलो. फॉरेस्ट गार्डची भीती होती, म्हणून मीच नियम केला होता. हाका मारायच्या नाहीत. फक्त शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे सापडलं. तीन म्हणजे माझ्याकडे ये.

साडेदहाच्या सुमारास शिजत्या भातासारखा उदमांजराचा वास आला आणि काकांनी बॅटरी वर धरली. चिकूच्या फांदीवर दोन डोळे चमकले.

मी गोळी झाडली.

जनावर खाली पडलं... आणि उठलं.

मागचा पाय ओढत ते कुंपणाकडे गेलं. जाताना त्याने एक आवाज काढला. तो आवाज कसा होता ते मी सांगणार नाही.

बॅटरीच्या उजेडात काकांनी जमिनीवरचं रक्त बघितलं. मग त्यांना अजून काहीतरी दिसलं.

"मादी आहे. दूध गळलंय."

मी रायफल खाली केली.

"मी बघून येतो. तू गाडीपाशी थांब."

कुंपणापलीकडे एक पडीक वाडी होती. काका बॅटरी घेऊन तिकडे गेले. उजेड थोडा वेळ झाडांतून हलताना दिसला.

मग दिसेनासा झाला.

मी मोटरसायकलपाशी उभा राहिलो. पंधरा मिनिटं. वीस मिनिटं. रातकिडे ओरडत होते... आणि एकदम थांबले. वस्तीवरची कुत्रीसुद्धा गप्प झाली.

रस्त्यावरून एका गाडीचा दिवा वळला. गार्डची जीप असेल, असं वाटलं. मी रायफल कापडात गुंडाळून टाकीवर आडवी बांधली आणि गाडीवर बसलो. तीन हळू शिट्ट्या वाजवल्या.

मागे पाचोळा वाजला.

कुणीतरी मागच्या सीटवर बसलं.

गाडी किंचित खाली गेली. मला हायसं वाटलं. मी मागे वळूनही बघितलं नाही.

"सापडलं का, काका?"

उत्तर नाही.

मला वाटलं, रागावले. किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात पडीक वाडीतून आवाज आला...

तीन शिट्ट्या.

बारीक. लांबून. जमिनीखालून आल्यासारख्या.

"काका, आत अजून कोण आहे?"

मागचं वजन सरकून माझ्या पाठीला टेकलं. गार होतं. आणि एक वास आला... आंबेमोहोर भात शिजत असल्यासारखा. रात्रीच्या अकरा वाजता, वाडीत.

पुन्हा तीन शिट्ट्या.

मला ऐकू आल्या होत्या. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. मला दोन्ही वेळा स्पष्ट ऐकू आल्या होत्या.

मी गाडी सुरू केली आणि निघालो.

अख्ख्या रस्त्यात मागून एक शब्द आला नाही. मीच बोलत होतो. "चुकलं माझं, काका. पुढच्या वेळी दुनळी आणू." पाठीवरचा गारवा तसाच होता. पाड्यावर त्यांच्या घरासमोर गाडी थांबवली. मागचं वजन उतरलं, सीट वर आली. मी समोर बघतच म्हणालो, "काका, सकाळी येतो." आणि गाडी वळवली. वळताना अंगणात कुणी दिसलं नाही. आत गेले असतील, असं वाटलं.

सकाळी सातला फोन आला.

देवजीकाका पडीक वाडीतल्या विहिरीत सापडले.

विहिरीला कठडा नव्हता. वर गवत माजलेलं होतं. रात्री तिथे विहीर आहे हे कळलंही नसतं. मी पोचलो तेव्हा त्यांना बाहेर काढून ठेवलं होतं. दोन्ही हातांची नखं तुटलेली होती.

गर्दीत धोंडी उभी होती. शेजारच्या वाडीवर राहणारी म्हातारी. ती मलाच विचारत होती.

"रात्रभर शिटी कोण वाजवत होतं रे? तीनदा. थांबून परत तीनदा. मला वाटलं पाखरू."

"किती वाजेपर्यंत, आजी?"

"कोंबडा आरवला तवा थांबली."

म्हणजे मी गाडीला किक मारली तेव्हा काका जिवंत होते. मी घरी जाऊन हातपाय धुऊन झोपलो तेव्हाही जिवंत होते, आणि माझा नियम पाळून हाक मारत नव्हते.

पोलिसांनी जबाब घेतला. मी सांगितलं, देवजी राखणीला होता, रात्री साडेअकराला मी त्याला घरी सोडलं. पाड्यावरच्या लोकांनीही सांगितलं, हो, गाडीचा आवाज आला होता. मग सगळे धरून चालले की तो रात्रीच कुणाच्या तरी गाडीने परत राखणीला आला आणि अंधारात पडला. रायफलबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

दहाव्या दिवसानंतर मी त्यांच्या घरी गेलो. काकांच्या बायकोने, बायजीकाकीने, पाणी दिलं.

"तू सोडलंस तवा काय बोलले ते?"

"म्हणाले... उद्या येतो."

ती मान हलवत राहिली. "दारापर्यंत आले होते बघ. मलाच झोप लागली."

मी उठलो. काकांची मुलगी रखमी माझ्यामागे गाडीपर्यंत आली. ती कासाला नर्सिंगचं शिकते. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"दादा, त्या रात्री गाडीचा आवाज आला तेव्हा मी दार किलकिलं केलं होतं."

मी गाडीला किल्ली लावली.

"तुम्ही म्हणालात, काका, सकाळी येतो. मी ऐकलं." ती थांबली. "गाडीवर तुम्ही एकटेच होता."

"रखमी, मागे कोणीतरी..."

"कोणी नव्हतं, दादा."

"पोलिसांना सांगितलंस?"

तिने घराकडे बघितलं. आत बायजी पेला विसळत होती.

"सांगितलं तर आईला कळेल, ते दारापर्यंत आलेच नव्हते. तेवढ्यावर ती जगतेय. तुमच्यासाठी नाही गप्प बसले मी."

मी तिची माफीसुद्धा मागू शकलो नाही.

जबाबात अजून तेच वाक्य आहे आणि खाली माझी सही आहे. खरं सांगायला मी दोनदा पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा परत आलो.

पण रात्री मला झोप लागत नाही ती फक्त त्या सहीमुळे नाही. काका विहिरीत होते. मग पंधरा किलोमीटर माझ्या पाठीला टेकून कोण आलं?

ते जे काही होतं, त्याला मीच त्या अंगणात उतरवलं.

बायजी आणि रखमी अजून त्याच घरात राहतात.