पहिल्या पानावरची आजी

"मामा, बदल! आत्ताच्या आत्ता बदल!" भोंगा एवढ्या जोरात ओरडला, की दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या नाकावरचा नवाकोरा चष्मा घसरला.

हळू बोलणं त्याला जमतच नसे, म्हणून तर तो भोंगा! त्याची मोठी बहीण टिपणी, हातात कायम वही घेऊन फिरणारी. आणि दोघांच्या मागेमागे नऊ वर्षांचा मावसभाऊ, शेपूट. सुट्टीत तिघंही मामाकडे मुक्कामाला होते. मामाचं चष्म्यांचं दुकान होतं, पण जरा उसंत मिळाली की तो काउंटरवरच्या संगणकात डोकं खुपसून बसे. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे ना, जो कोणीही लिहू शकतं? म्हणजे चुकाही कोणीही करू शकतं! त्याचं पहिलं पान मात्र कुलूपबंद; त्याची किल्ली, म्हणजे बदल करायची परवानगी, असलेले आणि तिथल्या चुका निस्तरणारे जे स्वयंसेवक, त्यांतलाच एक मामा. पगार नाही, रजा नाही, वर बोलणी मोफत.

आज त्याच पहिल्या पानावर 'माहीत आहे का?' या चौकटीत छापून आलं होतं, की महापुराच्या दिवशी यांच्याच शहरातली टेलिफोन ऑपरेटर जागा सोडून निघून गेली, म्हणून नदीकाठच्या लोकांना इशारा मिळालाच नाही.

आणि ती ऑपरेटर म्हणजे आजी. मामाची सख्खी आई!

टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या इमारतीत आज पाच वाजता नवं वाचनालय सुरू व्हायचं होतं, आणि फीत कापायला आजीलाच बोलावलं होतं. सकाळी तिनं ते वाक्य वाचलं आणि इस्त्रीचे कपडे परत कपाटात ठेवले. "मी नाही येत. चारचौघांत शोभा कशाला करून घेऊ?" एवढंच म्हणून तिनं खोलीचं दार लावून घेतलं. आजीला असं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"पण आजी खरंच गेली नव्हती ना?" शेपटानं हळूच विचारलं.

"खुळा की काय! अकरा तास बसून होती ती. गुडघ्याएवढं पाणी झालं तरी!" मामा म्हणाला.

"मग बदल की! किल्ली आहे ना तुझ्याकडे?" भोंगा म्हणाला.

"आहे, म्हणूनच हात लावणार नाही. घरच्या माणसाबद्दलचा मजकूर आपण बदलायचा नाही, हा आमचा नियम. चुकांच्या पानावर कळवायचं, आपलं नातं सांगायचं, छापील पुरावा द्यायचा. मग परका स्वयंसेवक ठरवेल."

"पण आजी स्वतः सांगतेय!"

"मला पटतंय रे. कोशाला छापलेलं लागतं."

टिपणीनं वही उघडली. "हे वाक्य आलं कुठून?"

मामानं तळटीप दाखवली. नगरपालिकेची पुस्तिका, पान एकतीस.

तिघं तडक नगरपालिकेत! पुस्तिका लिहिणारे प्रसिद्धी-साहेब चहा पीत भाषणाची तयारी करत होते. "माझ्या पुस्तिकेतलं वाक्य थेट पहिल्या पानावर!" ते फुशारकीनं म्हणाले. "संध्याकाळी मोठ्या पडद्यावर ते पान उघडून मी स्वतः वाचणार आहे."

"पण साहेब, ते चूक आहे," टिपणी म्हणाली.

"छापलंय ना? मग चूक कसं असेल?"

"तुम्ही कुठून घेतलंत?"

"कुठून म्हणजे? त्या ज्ञानकोशातूनच! हे बघ, मागे संदर्भांच्या यादीत लिहिलंय."

टिपणीची पेन्सिल थांबली. पुस्तिकेची एक प्रत मागून घेऊन ती बाहेर आली. "अरे, कोश म्हणतो पुस्तिकेत आहे, पुस्तिका म्हणते कोशात आहे! मग मुळात पाहिलं कोणी?"

"कोणीच नाही!" भोंगा गरजला. आतला शिपाई दचकून बाहेर आला.

दुकानात परतल्यावर मामानं कोशातल्या लेखाचा जुना इतिहास, म्हणजे कोणी कधी काय बदललं त्याची नोंद, उघडली. पाच वर्षांपूर्वी कोणीतरी बिनपुराव्याचं ते वाक्य घातलं होतं. मग पुस्तिका निघाली, आणि एका स्वयंसेवकानं तीच पुरावा म्हणून जोडली. मामाचे कान लाल झाले. "शाबास रे पोरांनो! ही चूक आमचीच. पण खरं काय घडलं, तेही दाखवावं लागेल."

म्हणून स्वारी नव्या वाचनालयात! ग्रंथपालबाई खोक्यांच्या ढिगात उभ्या होत्या. "जुनी वर्तमानपत्रं? त्या बारा खोक्यांत कुठेतरी. खोकी लावून द्या, मग हवं ते शोधा!"

दोन तास धूळ आणि शिंका! अखेर शेपूट ओरडलं, "आजी! तरुण आजी!"

पुरानंतर तिसऱ्या दिवशीचा अंक, पान चार. कानाला हेडफोन लावलेली, चिंब भिजलेली आजी. खाली बातमी: ऑपरेटर सलग अकरा तास जागेवर; शाळा आणि सहा कारखान्यांना फोन गेले, नदीकाठची वस्ती वेळेत हलली. भोंग्याचे डोळे भरून आले.

साडेतीनला टिपणीनं दुकानात बसून सगळं टाइप केलं: काय छापलंय, काय हवं, अंकाची तारीख, पानाचा फोटो. मग तिचा हात थांबला. "नातं?"

"नको लिहू! म्हणतील, आजीची बाजू घेताहेत," भोंगा ओरडला.

"पण आजी आपलीच आहे की," शेपूट म्हणालं.

टिपणीनं लिहिलं, 'त्या ऑपरेटर आमच्या आजी आहेत.' आणि पाठवून दिलं.

मामा संगणकाकडे पाठ करून, हात खिशात घालून उभा राहिला. चार वाजता 'खारूताई' नावाच्या कुठल्याशा लांबच्या स्वयंसेविकेचं उत्तर आलं, 'पुस्तिकेतली ती यादी दाखवा.' लगेच फोटो गेला. सव्वाचार. साडेचार. पुढे काहीच नाही!

शेपटानं बातमीचा फोटो छापून घेतला आणि घर गाठलं. आजीनं तो बराच वेळ पाहिला, मग कपाट उघडलं. "ते वाक्य तसंच राहिलं तरी मी येते," ती म्हणाली. "माझं काम मला माहीत आहे."

सभागृह भरलं होतं. साहेबांनी रुबाबात पडद्यावर पान उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, "माहीत आहे का? महापुराच्या दिवशी टेलिफोन ऑपरेटर सलग अकरा तास जागेवरून हलली नाही, म्हणून नदीकाठची वस्ती... वस्ती वाचली..."

साहेबांचा आवाज बसला. भोंग्याचा मात्र फुटला, "खारूताईऽऽ!"

अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. साहेबांनी घाम पुसला. पण त्यांनी माइकवरच कबूल केलं, "मी न तपासता छापलं. माझं चुकलं, बाई."

आजीनं माइक घेतला. "या तीन मुलांनी एक वाक्य दुरुस्त केलं. नातं लपवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं, पण त्यांनी लपवलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. आणि माझ्या मुलाचाही. किल्ली हातात असून त्यानं ती वापरली नाही."

मामानं चष्मा काढून उगाचच पुसला.

"मात्र त्या दिवशी मी एकटी नव्हते," आजी पुढे म्हणाली. "जड बॅटऱ्या पाण्यातून खांद्यावर घेऊन वर चढवणारा एक माणूस होता, म्हणून फोन चालू राहिले. त्यांचं नाव वर्तमानपत्रातही आलं नाही. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसलेत."

काठी टेकत एक आजोबा गोंधळून उभे राहिले. आजी खाली उतरली, हाताला धरून त्यांना पुढे घेऊन आली, आणि दोघांनी मिळून फीत कापली.