नमुन्याच्या कॅसेटमधलं नाव

माकडाने चप्पल पळवली नसती, तर हे पुढचं रामायण घडलंच नसतं!

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं. बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या आपल्या घराच्या छतावर बकुळ बी.ए.चं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात एका लालतोंड्याने तिची कोरी करकरीत चप्पल उचलली आणि पलीकडच्या कठड्यावर ऐटीत जाऊन बसला. मग काय विचारता! बकुळने हिंदीत सुरुवात केली, भोजपुरीत रंग भरला आणि शेवटी अस्सल मराठीवर आली, "मेल्या, थोबाड फोडीन तुझं!"

"माझं की त्याचं?" खालून कोणीतरी विचारलं.

गल्लीत एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. खांद्याला टेपरेकॉर्डर, हातात माइक... आणि माइक थेट तिच्याकडे रोखलेला!

"अहो, तुम्ही हे टेप करताय?"

"करणारच! एवढा खणखणीत आवाज फुकट कुठे मिळतो? फक्त 'थोबाड'वर जोर कमी द्या. आवाजाचा काटा पार लाल रेघेपलीकडे जातो."

बकुळ माकडाला विसरली. चपलेलाही.

त्याचं नाव ढुंढिराज. दुर्गा घाटावरच्या मराठी घरातला, पण अख्ख्या गल्लीचा ढुंढी गुरू. आधी तो रेडिओसाठी बातम्या गोळा करायचा, कधी पुरात बुडालेल्या वस्तीत, तर कधी विणकरांच्या हातमागांवर. एका पुढाऱ्याला त्याचा आवाज आवडला, तशी स्वारी प्रचाराच्या जीपमधून बलिया जिल्ह्यापर्यंत घोषणा लिहीत फिरली. त्याचाही कंटाळा आला. मग जमलेल्या पैशांतून त्याने मिक्सर नि की-बोर्ड घेतला आणि आता घरातल्याच एका खोलीत कजरी, भजनं, निवडणुकीची गाणी रेकॉर्ड करत होता.

"या मुलाचा पाय एका घाटावर ठरत नाही," बकुळचे बाबा, वासुदेवराव, म्हणायचे. ते बँकेत. पहिल्या दिवसापासून त्याच खुर्चीवर.

त्या वर्षी बकुळची पद्मामावशी नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीला अपक्ष उभी राहिली. निशाणी शिलाई मशीन. गाणं ढुंढिराजने करायचं, मधल्या घोषणा बकुळने द्यायच्या, असं ठरलं. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना रजया ठोकलेल्या. देवळातली घंटा थांबली की पटकन बोलून घ्यायचं.

"हसू नका," तो हेडफोन सावरत म्हणाला.

"मी कुठे हसतेय?"

"ओठ हलले नाहीत तरी माइकला कळतं."

"अस्सं? अजून काय काय कळतं तुमच्या माइकला?"

"ते सांगितलं... तर उद्या तुम्ही यायच्या नाहीत."

बकुळचे कान गरम झाले. बरं झालं, कानांचा रंग टेपवर येत नाही!

रोज काम संपलं की दोघं कोपऱ्यावर मलइयो खायचे. मातीच्या कुल्हडातला तो केशरी फेस जिभेवर ठेवला न ठेवला तोच विरायचा, आणि बोलणं मात्र संपता संपायचं नाही. त्यानेच तिला या धंद्याची रीत सांगितली. उमेदवार ठरायला उशीर होतो, म्हणून गाणं आधीच बांधून ठेवायचं. नावाच्या जागी कोणतंही चालीत बसणारं नाव म्हणायचं, नमुना करायचा आणि मग ते काढून खरं नाव भरायचं.

"आणि आमच्या गाण्यात कोणतं नाव भरलं होतं?"

"होतं एक," म्हणून त्याने कुल्हडात तोंड खुपसलं.

रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी तो सहज बोलावं तसं बोलला, "दिल्लीच्या एका कॅसेट कंपनीचं बोलावणं येऊन पडलंय. जाऊ का?"

बकुळच्या मनात आलं, म्हणजे बाबांचंच खरं! रेडिओ झाला, राजकारण झालं... आता बनारसही झालं? आणि मी?

"मला काय विचारता? तुमचे पाय, तुमची दिल्ली!" तिने टेबलावरची कॅसेट खस्सकन उचलली आणि ताडताड निघून गेली. कोणती उचलली, ते पाहिलं कोणी!

रविवारी सकाळी गायघाटावरून प्रचाराची नाव निघाली. पुढे हार घालून, हात जोडून पद्मामावशी. मागे भोंगा, बॅटरी, कॅसेट आणि फुरंगटलेली बकुळ. ढोलक वाजला, गाणं सुरू झालं...

"घर-घर की पहचान, बकुल! काशी की मुस्कान, बकुल!"

"अगं बाई! उभी मी आहे ना?" मावशी गर्रकन वळली.

घाटावरून कोणी ओरडलं, "का हो बकुल बहिनी, तुमहूँ खड़ी हो गइलू?"

मावशीने बटणाकडे हात नेला. पण गाणं संपून टेप नुसतीच फिरत होती आणि त्यातून हळूच ढुंढिराजचा आवाज आला, मराठीत.

"आता हे नाव काढून 'पद्मा' भरायचं... माफ करा मावशी, काढवत नाही हो."

गायघाटच्या लोकांना त्यातलं ओ का ठो कळलं नसतं. पण नाव आता मराठी वस्तीच्या ब्रह्मा घाटासमोर आली होती! छतावर वाळवण घालणाऱ्या काकू, पायरीवर धोतर पिळणारे गुरुजी, सगळे जागच्या जागी थांबले. कंबरभर पाण्यात अर्घ्य देणारे वासुदेवराव ओंजळ तशीच धरून उभे.

"बंद कर ते!" मावशी ओरडली.

"थांब ना मावशी!" बकुळने चक्क मावशीचा हात धरला.

"...नोकऱ्या सोडताना कधी काही वाटलं नाही. पण इथून जायचं म्हटलं की... ती एकदा 'जाऊ नका' म्हणाली ना, तरी पुरे."

टेप खट्‌कन थांबली. इतक्यात ढुंढिराज दोन-दोन पायऱ्या उतरत धावत आला. हातात खरी कॅसेट, चेहरा पांढराफटक.

"बकुळ, चुकीची... ती चुकीची कॅसेट आहे!"

बकुळने बाबांकडे पाहिलं. मावशीकडे पाहिलं. मग तिने भोंग्याचा माइक उचलला.

"चुकीची नाही," तिचा आवाज अख्ख्या घाटावर घुमला. "ढुंढिराज... जाऊ नका."

"मग... 'नकोस' म्हण ना," तो पाण्याच्या अगदी काठावर येऊन म्हणाला.

"जाऊ नकोस रे, मेल्या!"

"नाही जात! दिल्लीवाल्यांना कॅसेटी टपालाने पाठवीन!"

छतांवर हशा पिकला. मावशीने माइक हिसकावून घेतला. "मंडळी, यांचं जुळलं! आता तरी शिक्का शिलाई मशीनवर मारा!"

वासुदेवरावांनी ओंजळीतलं पाणी एकदाचं सोडलं. मग ढुंढिराजकडे वळून खाकरत म्हणाले, "घरी ये, चहा घेऊ. पण आधी तो भोंगा बंद करा!"

भोंगा बंद झाला. नाव पायरीला लागली, ढुंढिराजने हात पुढे केला, आणि उतरता उतरता बकुळने त्याच्या कानात आणखी काहीतरी सांगितलं. ते मात्र ब्रह्मा घाटावर कोणालाच ऐकू आलं नाही.