विकेटकीपर डॉक्टर

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांत, गुडघ्यांना माती लागलेली, लष्करी दवाखान्याचा जिना धावत चढत होते.

"अहो, दातांचे डॉक्टर कधी येणार?" मी त्यांनाच विचारलं.

"आलेत," ते धापा टाकत म्हणाले. "फक्त हात धुतो."

मेजर सौरभ लोखंडे. लष्कराच्या संघाचे विकेटकीपर. माझ्या बाबांची जखम चिघळल्याचा फोन गेला, आणि ते मॅच अर्धवट सोडून आले होते.

बाबा म्हणजे निवृत्त सुभेदार भीमराव गजभिये. कॅन्सरमुळे त्यांचा अर्धा जबडा काढावा लागला, तेव्हापासून ते कुणासमोर जेवत नव्हते, बोलत नव्हते. आई नाही. येरवड्याच्या घरात आम्ही दोघंच, आणि ती शांतता...

"सुभेदारसाहेब, दात मी बसवून देईन. वेळ लागेल. थांबाल ना?"

बाबांनी मान हलवली. मी मात्र डॉक्टरांच्या बोटांकडेच बघत राहिले. किती हळुवार!

मग दर आठवड्याला जाणं सुरू झालं. बाबा आत असताना ते दारातून एकदा तरी माझ्याकडे बघायचे. मी ओढणी सारखी करायचे, उगीचच.

पावसाळा सरता सरता एके दिवशी त्यांच्या बोटाला पट्टी दिसली.

"काय हो हे?"

"कॅच घेतला."

"आणि बोट कायमचं गेलं असतं तर?" माझा आवाज चढला. "बाबा तुमच्या भरवशावर बसलेत, मेजर."

पुढच्या खेपेला ते सहज सांगावं तसं म्हणाले, "कीपिंग सोडलं मी."

"माझ्यामुळे?"

"नाही... हे बोट थरथरलं, तर समोरच्या माणसाला दुखतं. कधीतरी ठरवायचंच होतं." ते हसले, पण खिडकीबाहेर बघत. बाहेर मैदान होतं.

मी पट्टीवर हात ठेवला. "दुखतंय?"

"आत्ता... नाही."

दिवाळीनंतर दात बसले. डॉक्टरांनी मुद्दाम डबा आणायला सांगितला होता. बाबांनी त्यांच्यासमोर वरणभाताचा घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

"नम्रता," डॉक्टर हलकेच म्हणाले, "माझी बदली झाली. आसामात, तेजपूरला. तुम्हाला काही विचारायचं होतं... पण बाबा इथे एकटे पडतील, म्हणून—"

"बर्फातल्या चौकीवर एकटा राह्यलो मी, बापा," मागून बोबडा, जड आवाज आला. कित्येक महिन्यांनी. "घरात नाही राहू शकत का? विचारा तिले."

डॉक्टरांनी विचारलं, लग्न कराल का. अगदी साध्या शब्दांत. कान लाल झाले होते त्यांचे.

"बाबांचे दात पुन्हा तपासायला कोण येणार?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात सुट्टी काढून मीच येईन."

"मग परत जाताना... मलाही घेऊन जा."

बाबा आमच्याकडे न बघता भात कालवत राहिले.