सात नंबरचा उजवा डोळा

शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे किंचित लाली. दोन म्हणजे कुणालाही दिसेल अशी. तीन म्हणजे मॅडमना बोलवायचं.

सशाचा कान हलकेच धरला की आतला ठोका बोटाला लागतो.

आई म्हणते, एवढं टक लावून कुणाच्या डोळ्यांत बघू नये गं. मला त्याचाच पगार मिळतो.

खाकी पाकीट, तोंड चिकटवलेलं. उघडायचं नाही.

पायऱ्यांवर सांडलेलं ऊन. दोन कप, एकच बशी.

आणि तो —

प्रयोगशाळेच्या दारात उभा. दोन्ही हातांत बाटल्यांचा खोका, त्यामुळे डोळा खांद्याला पुसत होता. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "वर बघा."

त्याने बघितलं. वर नुसता पंखा होता.

"दोन," मी म्हणाले.

"काय दोन?"

"लाली."

"पहिल्याच भेटीत मार्क?"

"एरवी फक्त सशांना देते."

"म्हणजे माझे कान आखूड पडले म्हणायचे."

खोक्यात त्याच्या मावशीचे डोळ्यांत घालायचे थेंब होते. पाल्याचा रस, मध, सात वेळा गाळलेलं पाणी. अख्खी गल्ली डोळे आले की तिच्या दारात. पण दुकानात ठेवायचे तर परवाना हवा, आणि परवान्याआधी सशांच्या डोळ्यांना त्रास होत नाही हे दिसायला हवं.

"नापास झाले तर मावशी सगळ्या बाटल्या फोडणार आहे," तो म्हणाला. "म्हणते, एकाच्याही डोळ्याला माझ्यामुळे त्रास नको. आणि ती बोलते ते करते, हीच तर पंचाईत."

थेंब एका दिवसापलीकडे टिकत नसत. म्हणून तो रोज सकाळी ताजे घेऊन येणार. एकवीस सकाळी.

बारा ससे. प्रत्येकाच्या एका डोळ्यात मावशीचे थेंब, दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या डोळ्यात काय, ते घालणाऱ्या तात्यांनाच ठाऊक; ती यादी पाकिटात बंद. मी फक्त बघायचं आणि आकडा लिहायचा. शून्य, शून्य, शून्य...

खोका ठेवून तो बाहेर पायऱ्यांवर चहाला थांबायचा. तिथे मात्र आकडे नव्हते.

"आज सशांची तब्येत?"

"सांगता येत नाही. नियम आहे."

"तुमची?"

"त्याचा नियम नाहीये."

"मग सांगा की."

"...बरी आहे."

"बरी म्हणजे शून्य की एक?"

मी चहात बघत राहिले. चहात तो दिसत होता.

सोळाव्या सकाळी सात नंबरचा उजवा डोळा गुलाबी होता. किंचित. उजाडायच्या आधी आभाळ असतं तेवढाच. बाकी सगळे स्वच्छ. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. शून्य लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? ससा थोडाच बोलतो. मला मात्र बाटल्या फुटल्याचा आवाज ऐकू येत होता...

मी एक लिहिला. आणि मॅडमच्या खोलीत गेले.

"उद्यापासून डोळे दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या."

"का? चष्म्याचा नंबर वाढला?"

"नाही... तो खोका आणतो ना, तो —"

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "अगं बाई! कधीपासून?"

"तारीख नाही सांगता येणार. पण आज शून्य लिहावंसं वाटलं."

"लिहिलंस?"

"एक लिहिला."

"मग झालं तर!"

"उद्याची खात्री नाही, मॅडम."

त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : परीक्षक आता तटस्थ नाही. त्याची एक प्रत औषध ज्यांचं त्यांना जाते, हे त्या क्षणी मी साफ विसरले होते.

दुसऱ्या सकाळी तो आला तो प्रत हातात घेऊनच.

"मावशीने तीनदा वाचलं. म्हणाली, तटस्थ नाही म्हणजे आपल्या बाजूची की विरुद्ध? जा, विचारून ये."

"निकाल काय लागेल मला माहीत नाही," मी म्हणाले. "वाईटही लागेल."

"लागू दे. काचा मी गोळा करीन. मी निकाल विचारत नाहीये."

पायरीवर ऊन होतं. खाली कुणीतरी सायकलचं कुलूप उघडत होतं. सगळं फार हळू चाललं होतं, झोपेतल्यासारखं —

"विरुद्ध नाही," मी म्हणाले.

"वर बघ," तो म्हणाला.

मी बघितलं. तो बघत राहिला. इतका वेळ मी कुठल्या सशालाही दिला नसेल.

"किती?" मी विचारलं.

"डोळे शून्य. गाल मात्र... तीन."

"तीनला मॅडमना बोलवावं लागतं."

"आज नको ना."

तात्यांनी चहा आणून ठेवला. दोन कप, एकच बशी. दुसरी कालच त्यांच्या हातून फुटली होती.

एकवीस सकाळी संपल्यावर पाकीट उघडलं तेव्हा कळलं : सोळाव्या सकाळी सात नंबरच्या उजव्या डोळ्यात तात्यांनी नुसतं मिठाचं पाणी घातलेलं होतं.