माटुंग्याला लपलेले दोघे

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. माटुंग्याच्या क्षयरोग केंद्रातील बाकावर पाच जण बसले होते आणि एकमेकांकडे पाहणे कटाक्षाने टाळत होते. संघमित्राने मात्र चुकून पाहिले. मुखपट्टीच्या वर दिसणारे ते डोळे तिच्या ओळखीचे होते.

"वैभव परब ना? लालबागचा... आमच्या समोरची चाळ?"

तो दचकला. "हळू बोल गं! तू इथे कशी?"

"ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून."

"अगं, मी पण त्यासाठीच!"

दोघांना हसू आवरेना. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू. बाहेर टपरीवर त्याने आपला ग्लास तिच्यापासून लांब सरकवला. "सवय झालीये. मालनकाकीने घरी माझा कप वेगळा काढलाय."

"कपाने क्षय पसरत नाही रे. आमच्या आजोबांचा कप तर गावच्या हॉटेलात आजाराशिवायच वेगळा असायचा."

त्याने ग्लास पुन्हा जवळ ओढला. मग हळूच म्हणाला, "आज शेवटचा आलोय. गोळीसाठी रोज इतक्या लांब... नोकरीवर उशीर होतो, साहेब कारण विचारतो. तसं बरंही वाटतंय आता."

उपचार अर्धवट सोडले तर क्षय अधिक चिवट होऊन परततो, हे डॉक्टरांनी दोघांनाही बजावले होते.

"लालबागचं केंद्र आपल्या घराजवळ आहे. बदली करून घेऊ. उद्या चल माझ्याबरोबर."

"लोक बघतील."

"बघू देत. आपण रोज एकत्र दिसलो, तर चाळीला क्षयापेक्षा चविष्ट विषय मिळेल."

"आणि तो विषय... खरा निघाला तर?"

"आधी गोळ्या संपव," ती ठसक्यात म्हणाली. पण कानांच्या पाळ्या तापल्याच.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या केंद्राच्या दारातच भाजीची पिशवी घेतलेल्या मालनकाकी समोर! "वैभवा, हयसर कित्याक इलंस? लोक काय म्हणतले!"

आता हा मागे फिरणार, असे संघमित्राला वाटले.

वैभवने तिचा हात धरला. "क्षयाचं औषध घ्यायला आलोय, काकी," तो रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आणि ही सोबत असली तर... रोज येईन."

काकींनी त्या गुंतलेल्या हातांकडे पाहिले, मग आजूबाजूला. "मग उभो रव लायनीत," त्या पुटपुटल्या, "गर्दी होता हा."

जुलैमध्ये दोघांचेही उपचार पूर्ण झाले आणि त्याच संध्याकाळी संघमित्राने त्याला होकार दिला. तोवर त्या दोन चाळींतून तपासणीसाठी आपणहून आलेले रहिवासी : एकोणीस.